आज्याचं धड, बापाचं मुंडकं

माझा आज्या जन्मभर हिवाळ्यात कुडकुडला आणि मेल्यावर आठवड्याच्या आत त्याच्या अंगावर कोट चढला. काळा कोट, आत पांढरा शर्ट, मरून रंगाचा टाय. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी आमचं घर सांगावं लागेल.

घाटंजी तालुक्यात आमचं गाव, गावाच्या कडेला आमचा मोहल्ला आणि मोहल्ल्यात आमचं कुडाचं घर. पहाटे वारा कुडातून सरळ आत यायचा आणि घरच्यासारखा झोपायचा. धड असलेली गोधडी आम्हा पोरांवर, विरलेली मायवर. बाप म्हणायचा, मले थंडी वाजत नाही. आज्या तेही म्हणायचा नाही, तो चुलीपाशी पोतं पांघरून बसायचा. माय आणि बाप दोघंही दुसऱ्याच्या वावरात कामाला जायचे. मायनं आजवर जेवढा कापूस वेचला त्यात अख्ख्या मोहल्ल्याच्या गाद्या झाल्या असत्या. आमच्या घरात गादी नव्हती. कापसाच्या जिल्ह्यात गोधडीसाठी भांडणारी पोरं आम्ही. हे मी कोणाला रडवायला लिहीत नाही. रडवणारे फोटोवाले पुढे येणार आहेत, ते काम त्यांचं.

आज्या गेला, तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो पाहिजे होता. टेबलावर मांडायला, हार घालायला, पुढे मेणबत्ती लावायला. जन्मभरात त्याचा एकच फोटो निघालेला, मतदानाच्या कार्डावरचा, आणि त्यात तो कोणाच्या तरी कोंबड्या चोरताना सापडल्यासारखा दिसत होता. बाप ते कार्ड घेऊन तालुक्याच्या स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "कोट लावून देऊ का, काका? सगळेच लावतात." सगळेच लावतात म्हटल्यावर बाप काय नाही म्हणणार.

फोटो घरी आला. मुंडकं आज्याचं, धड कोणाचं तरी. खांदे एवढे रुंद, की आमचे दोन आज्ये त्यात बसले असते. मान चेहऱ्यापेक्षा दोन पिढ्या गोरी. मोहल्ल्यातल्या बाया येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "बुढा कसा साहेबावाणी दिसते." माय म्हणाली, "जिता असता तं ह्या माणसाले पाहून उठून उभा राह्यला असता."

पुढे मला कळलं, की हा कोट फक्त आमच्या आज्याचा नाही. मोहल्ल्यात कोणाच्याही घरी जा, भिंतीवर तोच कोट, तोच टाय, टायवर तीच एक चकाकी. मुंडकं तेवढं बदललेलं. बायकांसाठी स्टुडिओवाल्यापाशी हिरवं नऊवारी आणि नथ होती. आमच्या मोहल्ल्यात नथ घालणारी बाई मी पाहिली नाही, पण मेल्यावर सगळ्यांनी घातली. जिवंतपणी आम्हाला कोणी चांगला गणवेश दिला नाही, मेल्यावर मात्र सगळे एकाच शाळेचे.

भिंतीवर एक कोट त्याच्या आधीपासून होता. निळा. तो ज्यांचा होता त्यांनी तो शिकून मिळवला, हे आम्हाला चालायला यायच्या आधी सांगितलेलं. त्याच्या बाजूला आज्याचा हा उसना कोट लागला. दोन्हींकडे पाहून लहानपणी मी हिशेब केला, की कोट दोनच प्रकारे मिळतो. शिकलं की मिळतो, नाही तर मेलं की मिळतो. मी शिकायचं ठरवलं.

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. कोणी विचारलं नाही तरी सांगते. बी.एस्सी. आणि तेही यवतमाळला, एसटीनं जाऊन येऊन. आता एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, कंत्राटी. कुडाचं घर जाऊन विटांचं झालं, वर टिन आहे. भिंती बदलल्या, पण निळा कोट आणि काळा कोट एकमेकांच्या बाजूलाच राहिले.

कॅमेरा मी एका लग्नातल्या फोटोवाल्याकडून जुना घेतला. त्याच्या पट्ट्याला अजून कोणाच्या तरी हळदीचा डाग आहे. पहिले काही महिने मी तेच काढलं जे सगळं जग काढतं. गवतावरचं दव, बुडता सूर्य, फुटलेलं बोंड, बैलाचा डोळा आणि त्या डोळ्यात मी. आमच्या शेजारी एक मावशी राहते. रक्ताची नाही, पण टोमणे मारायचा हक्क तिला सख्ख्या मावशीपेक्षा जास्त. ती मायला म्हणाली, "तुही पोरगी ढोराचे फोटू काढून राह्यली. लग्नासाठी सोताचा एक काढ म्हणा आधी."

माय म्हणाली, "ढोरं बरे. हुंडा तं मागत नाई."

मला वाटलं होतं हा नाद असाच दव आणि सूर्यावर सरून जाईल. पण मग मोठ्या शहरातली फोटोवाली मंडळी आमच्या गावात आली.

एका थंडीच्या सकाळी दोन गाड्यांतून ती उतरली. सगळ्यांच्या अंगात खिसेच खिसे असलेली जाकिटं. मी कॉलेजात होते, झालेलं सगळं मला मायनं सांगितलं आणि तिनं सांगितलं म्हणजे नक्कल करून सांगितलं. त्यांना म्हणे "खरा ग्रामीण चेहरा" पाहिजे होता. बाप ओट्यावर शेकत बसलेला, डोक्यात माकडटोपी. ती टोपी मी पहिल्या पगारात नेरच्या बाजारातून आणलेली. त्या मंडळीतला एक जण म्हणाला, "काका, ही टोपी काढता का? जरा खोटं वाटतंय."

बाप म्हणाला, "खोटं नाई जी, थंडी हाय."

"दोनच मिनिटं, काका."

बापानं टोपी काढली. मग त्या माणसानं आपल्या पिशवीतून एक लाल पगडी काढली. गुंडाळून तयार, नुसती डोक्यावर ठेवायची. म्हणजे ते खरा ग्रामीण चेहरा शोधायला येताना ग्रामीण भाग सोबत घेऊन आले होते. बापानं पगडी हातात फिरवून पाहिली.

"हे कोन घालते?"

"शेतकरी."

"कुठचा?"

त्यांनी बापाच्या हातात बिडी दिली. बाप म्हणाला, मी बिडी पेत नाई. ते म्हणाले, पेटवू नका, नुसती धरा. मग शर्ट काढायला लावला. जाताना बिस्किटाचा पुडा देऊन, हात जोडून गेले. बाप दिवसभर शिंकत होता.

काही दिवसांनी कॉलेजातल्या एका मॅडमनी मला मोबाइल दाखवला. "बघ ना, किती रॉ आहे." काळापांढरा फोटो. उघड्या अंगाचा, सुरकुत्यांचा एक म्हातारा, पगडीखालून वर पाहणारा, डोळ्यात पाणी. डाव्या गालावर काट्यानं फाडलेला जुना डाग. डाग पाहून मी ओळखलं. खाली लिहिलेलं, "बळीराजाची वेदना". आणि त्याखाली हृदयं आणि जोडलेले हात. कोणी लिहिलं होतं, ह्या डोळ्यांत शतकांचं दुःख आहे. शतकांचं नव्हतं, त्या सकाळचं होतं. त्यांनी टोपी काढून घेतली होती.

फोटोखाली काढणाऱ्याचं नाव होतं. कॅमेऱ्याचं नाव होतं. लेन्सचं नाव होतं आणि तेही आकड्यांसकट. बापाचं नाव नव्हतं.

घरी येऊन मी फोटो बापाला दाखवला. त्यानं मोबाइल लांब धरला.

"हा कोन?"

"तुमीच तं हा, बाबा."

त्यानं पुन्हा पाहिलं. "कान माहे हायेत," असं म्हणून मोबाइल परत दिला.

मी भिंतीकडे पाहिलं. आज्याचं धड स्टुडिओवाल्यानं बदललं, बापाचं मुंडकं शहरवाल्यांनी. आमच्या घराण्यात अख्खा माणूस फोटोत उरलाच नव्हता. त्या दिवशी मी ब्लॉग काढायचं ठरवलं.

माझा आतेभाऊ पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ब्लॉग आता कोन वाचते? रील टाक. मांगं गानं लाव." मी म्हटलं, मला फोटोखाली लिहायचं आहे. तो म्हणाला, "लिहिलेलं तं त्याच्यापेक्षाही कोनी वाचत नाई." पण त्यानंच तो उघडून दिला. ब्लॉगचं नाव मी ठेवलं, "बसा, फोटो काढते". नियम दोनच केले. माणसाच्या अंगावर जे आहे ते राहील, वरून काही घालायचं नाही आणि काढायचंही नाही. आणि फोटोखाली त्याचं पूर्ण नाव, तो सांगेल तसं. पहिल्याच पानावर मोठ्या ऐटीत लिहून टाकलं, "इथे कोट मिळणार नाही आणि पगडीही मिळणार नाही."

वाचक तीन मिळाले. आतेभाऊ, कॉलेजातल्या त्या मॅडम आणि एक अनोळखी सज्जन, जो प्रत्येक फोटोखाली गुडघेदुखीच्या औषधाची जाहिरात चिकटवून जायचा. त्याचं एक मानावं लागेल. त्याचा कधी नागा पडला नाही.

वाचकांचं सोडा, मला बसायलाच कोणी तयार होईना. आमच्याकडे लग्नाचे फोटो काढतात, वाढदिवसाचे काढतात, पण म्हाताऱ्या माणसाला एकटं खुर्चीवर बसवून फोटो काढायचा तो एकाच कारणासाठी. घरच्यांनी आधीच विचार करून ठेवलेला असतो. त्यामुळे मी कॅमेरा घेऊन दारात गेले, की म्हातारी माणसं माझ्याकडे यमाच्या कारकुनाकडे पाहावं तसं पाहायची.

मावशी तर दार अर्धंच उघडून बोलली. "माहा नंबर कायले लावून राह्यली वं? मले अजून नातवाचं लगन पाह्याचं हाय."

"मावशी, तसं नाई. ब्लॉगवर टाकाचा हाय."

"थे काय असते?"

"इंटरनेटवर. सगळ्याइले दिसते."

"मंजे मेल्यावर तिथं लटकवता का आता? भिती पुरत नाईत?"

शेवटी एक जण तयार झाला, मोहल्ल्याच्या टोकाला राहणारा बकऱ्या चारणारा आजा. तो म्हणाला, "काढ. माह्या बकऱ्याइलेही घे." मळकी बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, पायात प्लास्टिकचे बूट, मांडीवर पिल्लू. सकाळचं तिरपं ऊन त्याच्या खांद्यावर असं पडलं होतं, की मला स्वतःचाच हेवा वाटला. नाव विचारलं तर त्यानं स्वतःचं, बापाचं, आज्याचं सांगितलं आणि मग बकऱ्यांचीही सांगितली. मी सगळी लिहिली. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो तो.

पावसाळ्याच्या तोंडावर तो आजा गेला. वय झालेलं होतं, पण मोहल्ला वयाला दोष द्यायला तयार नव्हता. मावशी मायला म्हणाली, "मी बोलली होती का नाई? पोरीच्या डब्ब्यात काई तरी हाय." आणि दुसऱ्या दिवशी आजाचा मुलगा आमच्या दारात आला. "ताई, तो फोटू द्या ना. कार्यक्रमाले पायजे."

मी मोठ्या अभिमानानं दिला. मनात म्हटलं, चला, मोहल्ल्यात पहिल्यांदा एक माणूस आपल्या स्वतःच्या खांद्यांसकट जाणार. कार्यक्रमाला गेले. टेबलावर हार, हारापुढे मेणबत्ती आणि मेणबत्तीच्या उजेडात तोच काळा कोट. मरून टाय. टायवरची तीच चकाकी. वर माझ्या तिरप्या उन्हातलं मुंडकं.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या स्टुडिओत गेले. मालकानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मॅडम, फोटो जबरदस्त होता तुमचा. मुंडकं एकदम क्लीन निघालं. मतदान कार्डावरून काढाले लय तरास जाते."

"त्याची बंडी काहून काढली?"

"बंडीवर हार खुलत नाही ना."

"अन् बकरीचं पिल्लू?"

"ते फ्रेममध्ये बसत नव्हतं." मग तो पुढे झुकून, धंद्याच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आपण एक काम करू. गावोगावी फिरून तुमी मुंडके काढा, मी धडं लावतो. माणूस जिवंत असताना घेतलेलं मुंडकं फ्रेश राहते."

मी चहा न पिता उठले. त्या रात्रीच्या एसटीतच मोबाइलवर लिहिलं आणि घरी पोचायच्या आत ब्लॉगवर टाकून दिलं. सगळ्या मोहल्ल्याला एकच कोट कसा, मेल्यावर माणसाला दुसऱ्याच्या अंगात कसं कोंबतात, ह्या कोटाइतकी खोटी गोष्ट तालुक्यात दुसरी नाही, वगैरे. शब्द चांगले जमले होते. आतेभावानं ते पुढे पाठवलं, कोणी आणखी पुढे पाठवलं आणि पहिल्यांदा माझ्या ब्लॉगवर खरी माणसं आली. गुडघेदुखीवाल्याला गर्दीत जागा मिळेना. मी दोन-तीन दिवस जरा उंच चालत होते.

बाप चौथीपर्यंत शिकलेला आहे. तो सगळं वाचतो, पण बोट ठेवून. ओट्यावर बसून त्यानं माझा लेख बोट ठेवत ठेवत पूर्ण वाचला. वाचून झाल्यावर मोबाइल शर्टाला पुसून मला परत दिला. मला वाटलं, पटलं असेल.

दिवाळी झाल्यावर बापाच्या पोटाचं दुखणं वाढलं. हर्निया निघाला, ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. डॉक्टर म्हणाले, साधं आहे. आमच्याकडे डॉक्टरनं साधं म्हटलं, की माणसं पाहुण्यांना बोलावून घेतात. बापानं कोणाला बोलावलं नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "बाई, जायच्या आधी माहा एक फोटू काढून ठेव."

"काढू ना. उद्या सकाळी उजेड चांगला राहीन."

"कोटातला काढ."

मला आधी वाटलं गंमत करतो आहे. तो गंमत करत नव्हता.

"बाबा, तुमी वाचलं ना मी काय लिहिलं ते?"

"वाचलं. खोटा कोट खोटा असते, असं लिहिलं तू. मी खरा घालीन."

"पण तुमी जसे हा तसेच काढतो ना. शर्टात. माकडटोपीत काढतो, कोनी काई म्हणनार नाई."

"नाई. कोटात."

"माह्या ब्लॉगचा नियम हाय."

"तुह्या ब्लॉगचा नियम ब्लॉगवर लाव. भीत माही हाय."

माय चुलीपाशी होती. ती पदर तोंडाला लावून हसली.

मी ग्रॅज्युएट. वादात मला कोणी हरवत नाही. मी म्हटलं, "बाबा, कोट आपला नोय. आपन कधी घातला?"

बापानं आज्याच्या फोटोकडे बोट केलं. मग म्हणाला, "माह्या बापाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाह्यली. आता मले त्याचे खांदे आठवत नाई. डोये मिटले की ह्या कोटवाल्याचेच दिसते. एवढ्या वर्सात माहा बाप पुसून गेला अन् हा राह्यला. माह्यावर कोनाचे खांदे लावू नोको देजो. म्हनून म्हनतो, जिता हाव तवरच काढ."

तो पुढे म्हणाला, "अन् कोट आपला नोय मंते. भितीवरचा निळा कोट पाहून आमी तुमाले शाळेत धाडलं. रोजी पाडून धाडलं. आता तुह्या फोटूत आमी जन्मभर बंडीतच बसाचं का? बंडीतले आमी तुले लय आवडतो. शहरवाल्याइलेही आवडतो."

शहरवाल्यांच्या रांगेत मला असं उभं करून बाप जेवायला बसला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. मी त्याला भाजी वाढली आणि म्हटलं, बाजाराच्या दिवशी कोट पाहू.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं घाटंजीला गेलो. हिवाळ्यात तिथे जुन्या गरम कपड्यांचा ढीग लागतो. ताडपत्रीवर डोंगर, त्यावर उभा राहून ओरडणारा माणूस. परदेशातल्या लोकांनी टाकून दिलेले कोट फिरत फिरत आमच्या तालुक्यात येतात आणि आमच्या अंगावर नवे होतात. बापानं पहिला कोट घातला, तो घोट्यापर्यंत आला. दुसऱ्याला सोनेरी बटणं आणि खांद्यावर पट्ट्या.

माय म्हणाली, "ह्याच्यात तं तुमी बँडवाले दिसता. बाजा तेवढा घ्या."

तिसऱ्याच्या गळ्याला केस होते. माय म्हणाली, "हा चावते का पाहा आधी."

ढिगावरचा माणूस म्हणाला, "मावशी, फॉरेनचा माल है, मजाक नको."

मग बापानं एक काळपट राखाडी कोट काढला. जाड लोकरीचा, वजनदार. घालून त्यानं खांदे हलवून पाहिले, पुढे-मागे झुकून पाहिलं, हात वर करून पाहिला, जसा कापसाचा गठ्ठा उचलायला करतो. कोट बसला. शिवून घेतल्यासारखा बसला. बाप हसला नाही, पण काढेचना. घासाघीस मायनं केली. तिचं वर्णन करत नाही, माय जिंकली एवढं पुरे. एसटीत बाप कोट घालूनच बसला. कंडक्टरनं त्याला "साहेब, जरा सरका" म्हटलं. ते बापानं आजवर किती जणांना सांगितलं असेल, ते तोच जाणे.

दुसऱ्या सकाळी अंगणात खुर्ची मांडली. बापानं दाढी केली, मायनं इस्त्री मागून आणली. खुर्ची मांडली म्हटल्यावर मोहल्ला जमलाच. मी कॅमेरा लावते आहे तोवर मावशी जवळ आली. तिची सून शिवणकाम करते, त्यामुळे कपड्यातलं आपल्यालाही कळतं असं मावशी मानते आणि दुर्दैवानं ते खरं आहे. तिनं बापाच्या छातीकडे बोट केलं.

"अवो भाऊजी, हा तं बायकाइचा कोट हाय. बटनं पाहा, उलट्या बाजूनं हायेत."

अंगणात जे हसू फुटलं ते मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेलं असेल. मायही हसत होती. बाप बटणांकडे पाहत होता. हसू ओसरायची वाट पाहत मी घाईनं म्हटलं, "बाबा, काई हरकत नाई. कॉम्प्युटरवर फोटो पलटवता येते. बटनं बरोबर बाजूले येतीन."

"मंग माह्या गालावरचा डाग?"

"तो उजव्या गालावर जाईन."

"मंग थो मी नाई." बाप खुर्चीत नीट बसला. "राहू दे उलटे. थंडीले काय समजते बटन कोन्या बाजूनं हाय ते."

माय म्हणाली, "लोक हासतीन ना."

"मी तवा भितीवर राहीन. मले काय आयकू येते."

मी फोटो काढला. बापानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, डाव्या गालावर डाग, छातीवर उलटी बटणं. त्यात वेदना वगैरे काही आली नाही. थंडीच वाजत नव्हती.

माझं सामान आवरणं चाललं होतं, तेव्हा मावशी हळूच बाजूला येऊन उभी राहिली. बापानं खुर्चीवर काढून ठेवलेल्या कोटाची बाही चाचपत राहिली. मग म्हणाली, "माहाही काढ मंग. बायकाइचाच तं कोट हाय, माहा हक्क पयले."

"नंबर लागते ना, मावशी?"

"लागू दे. नथ नोको पन."

ऑपरेशन साधंच होतं. बाप आठवड्यात घरी आला. तोवर फोटो फ्रेम होऊन आला होता आणि बापानंच तो लावायला सांगितला. लावायची जागा एकच, आज्याच्या बाजूला. त्याचा परिणाम असा झाला, की तब्येतीची चौकशी करायला येणारी माणसं दारातून आत पाय टाकायची, भिंतीकडे पाहायची आणि हात जोडायची. एक लांबची आत्या तर तिथंच रडायला बसली. आतल्या खाटेवरून आवाज यायचा, "मी इकडं हाव. चाय ठेव वं, पावने आले."

मी तो फोटो ब्लॉगवर टाकला. पहिल्या पानावरचा नियम खोडून "जे अंगावर आहे ते माणसाच्या स्वतःच्या मर्जीचं असेल" असा केला. त्या शहरातल्या फोटोवाल्यांपैकी एकानं खाली लिहिलं, "चेहरा अप्रतिम, पण कोटामुळे ग्रामीणपणा हरवला." मी उत्तर दिलं, हरवला नाही, हिवाळा आहे, आत बसला आहे. पुढच्या वेळी येताना पगडी आणू नका, टोपी आणा, ती उपयोगी पडते.

आता मोहल्ल्यातले म्हातारे-म्हाताऱ्या स्वतःहून येतात. कोट पाहिजे म्हणतात. बाप काढून देतो, फोटो झाला की परत घालतो. म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या अंगावर एकच कोट झाला, हे मलाही दिसतं आणि आतेभावानं फोन करून हसून सांगितलंही. पण ह्या कोटाच्या बाहीत आत हात असतो. कोणाला तो ढगळ होतो, कोणाची बटणं लागत नाहीत, मावशीनं तर बाह्या वर सारून पाटल्या दाखवल्या. फोटोखाली नाव लिहिते, सांगतील तसं. शेवटी एक ओळ, कोट माझ्या वडिलांचा.

स्टुडिओवाल्याचा धंदा त्यानं बुडाला नाही. तो अजून धडं लावतोच, आजूबाजूला गावं पुष्कळ आहेत.

ब्लॉग चालू आहे. वाचणारे फार नाहीत, गुडघेदुखीवाला आहे. आमच्या भिंतीवर आता एक फोटो असा आहे, ज्यात मुंडकं आणि धड एकाच माणसाचं आहे. खाली त्याचं पूर्ण नाव आहे. माणूस ओट्यावर बसला आहे.